व्हिसा मिळाला, पण वायरला हात लावायचा नाही: बडोद्याच्या एका इलेक्ट्रिशियनचं प्रकरण

हे प्रकरण बडोद्यातल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. नावं देत नाही, फॅक्टरीचं नाव देत नाही, ओळख पटेल असे दोन-तीन तपशील मुद्दाम बदललेत. फॅक्टरीत त्याला सगळे वायरमनच म्हणायचे म्हणून इथेही वायरमनच म्हणतो. मी पीएफ आणि अकाउंट्सची कामं करतो, त्यामुळे त्याच्या कागदांची फाईल बऱ्याचदा माझ्या टेबलावर असायची आणि आतल्या गोष्टी माहीत आहेत त्या तशाच. हल्ली घरोघरी कोणी ना कोणी "बाहेर" जायचं बोलत असतं, पण बोलणं बहुतेक इंजिनियर नाहीतर आयटीवाल्यांचं असतं. आयटीआय केलेला, हातात पकड-पेचकस घेऊन काम करणारा माणूस बायको-मुलांसकट जातो तेव्हा काय काय होतं ते फारसं कोणी नीट लिहीत नाही, म्हणून हे.

पार्श्वभूमी

जन्म १९८८ चा, घर दांडिया बाजारच्या बाजूला, तीन पिढ्या बडोद्यात. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा एनसीव्हीटीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या मान्यतेचा कोर्स, मग एका मोठ्या कंपनीत अप्रेंटिसशिप आणि तिचं सर्टिफिकेट. २००७ ते २०१२ एका इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे, म्हणजे सोसायट्या, दुकानं, दोन-तीन हॉस्पिटल, सगळं वायरिंग यानेच ओढलेलं, पगार रोख. २०१२ ला मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) पॅनेल बनवणाऱ्या फॅक्टरीत लागला, २०१५ पासून एका केमिकल प्लांटला मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन. वायरमनचा सरकारी परवाना होता, नंतर सुपरवायझरचाही काढला.

बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बीकॉम, एका जीएसटीवाल्याच्या ऑफिसात टॅलीवर बसायच्या. मुलगी तेव्हा तिसरीत, मुलगा जेमतेम चालायला लागलेला. आणि आई. काकूंना बीपी आणि शुगर दोन्ही, पण घरचं सगळं अजून त्याच बघायच्या आणि त्यांना विचारल्याशिवाय घरात कुकर पण बदलला जात नसे.

अडचण नेमकी काय होती

पैशांची होती आणि नव्हती. बत्तीस हजार पगार, घर स्वतःचं, उपाशी कोणी नव्हतं. पण प्लांटमधल्या कायम नोकऱ्या बंद झाल्या होत्या, नवीन सगळे कॉन्ट्रॅक्टवर येत होते, आणि चाळिशीनंतर शिफ्ट ड्युटी करणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं ते तो रोज समोर बघत होता. मुलीच्या शाळेची फी दर वर्षी वाढत होती. त्यात सोसायटीतला एक जण कॅनडाला गेला, एक गल्फमधून घर बांधून परत आला, आणि घरात रात्रीच्या जेवणाला तोच विषय.

खरी अडचण वेगळीच होती, ती खूप उशिरा कळली. इलेक्ट्रिशियन हा बऱ्याच विकसित देशांत लायसन्सचा धंदा आहे. म्हणजे त्या देशाने व्हिसा दिला तरी वायरला हात लावायची परवानगी वेगळं ऑफिस देतं, त्याचे नियम वेगळे, त्याला लागणारा वेळ वेगळा. वेल्डर किंवा फिटर उतरल्यापासून कामाला लागू शकतो. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, एसी-रेफ्रिजरेशनवाला नाही लागू शकत. कोणत्याही कन्सल्टंटने पहिल्या मीटिंगमध्ये हे सांगितलं नाही, सगळ्यांचं एकच, "थई जशे", म्हणजे होऊन जाईल.

समोरचे पर्याय

गल्फ सगळ्यात सोपं होतं. मामाच्या ओळखीने दोन महिन्यांत निघता आलं असतं. पण तिथे एकट्याने जायचं, फॅमिली न्यायची तर पगाराची अट, आणि कितीही वर्षं राहिलात तरी शेवटी परतच यायचं. वहिनींनी हा पर्याय एका वाक्यात संपवला: "अहो, मुलं तुम्हाला व्हिडिओ कॉलवरचे बाबा म्हणतील."

कॅनडाचं सगळ्यात जास्त आकर्षण होतं आणि तिथेच सगळ्यात मोठा खड्डा होता. अलकापुरीतल्या एका कन्सल्टंटने अठरा लाखांत "एलएमआयए सकट जॉब लेटर" देतो म्हणून सांगितलं. एलएमआयए म्हणजे बाहेरचा कामगार ठेवायला तिथल्या मालकाला मिळणारी सरकारी मंजुरी. आता कॅनडात ट्रेड्सवाल्यांसाठी सरळ रस्ता आहे, एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे पॉइंट्सवर निवड करून कायमचा व्हिसा द्यायच्या पद्धतीत, त्यांचा वेगळा प्रोग्रॅम आहे, पण त्याला एकतर खरी जॉब ऑफर लागते नाहीतर तिथल्या प्रांताचं ट्रेडचं सर्टिफिकेट. २०२३ पासून ट्रेड्सचे वेगळे ड्रॉ, म्हणजे निवडीच्या फेऱ्या, पण सुरू झाल्या. पण पॉइंट्समध्ये वयाचे गुण तिशीनंतर दर वर्षी कमी होतात, आणि हा पस्तिशीला टेकलेला. मग ते अठरा लाखांचं लेटर कशासाठी, तर ऑफर विकत घ्यायला. कॅनडात नोकरी देण्यासाठी कामगाराकडून पैसे घेणं हेच बेकायदेशीर आहे, एवढी एक गोष्ट माहीत असती तर बडोद्यातल्या किती घरांचं सोनं वाचलं असतं. वायरमनने सोनं मोडायची तयारी केली होती, हे पण खरं. काकूंच्या पाटल्या बाहेर निघाल्या होत्या.

जर्मनीचा पण विचार झाला, तिथे आयटीआयच्या सर्टिफिकेटला मान्यता मिळवायची सोय आहे, पण भाषा शिकून तीत काम करायचं म्हटल्यावर दोघांनी हात वर केले. कदाचित इथे घाई झाली. आयटीआय करून नुकतंच बाहेर पडलेल्या, एकट्या पोरासाठी जर्मनी मला आजही चांगला पर्याय वाटतो, पण दोन मुलं आणि शिफ्ट सांभाळून बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत जर्मन, अवघड आहे.

राहिलं ऑस्ट्रेलिया. तिथे पुन्हा दोन दरवाजे. एक, कंपनी स्पॉन्सर करते तो ४८२ व्हिसा. लवकर होतो, पण सगळं त्या मालकाच्या हातात. तेव्हा नोकरी सुटली तर दुसरा स्पॉन्सर शोधायला ६० दिवस मिळायचे, जुलै २०२४ पासून ते १८० केलेत. मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य सेवा, आपल्यासारख्यांना त्या व्हिसावर मिळत नाही, स्वतःचा विमा काढायचा, आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियासारख्या राज्यात सरकारी शाळेसाठी पण वर्षाला कुटुंबामागे चार हजार डॉलर भरावे लागतात. दुसरा दरवाजा पॉइंट्सचा, त्यातला ४९१ व्हिसा: राज्य नॉमिनेट करतं, पाच वर्षांचा, "रिजनल" भागातच राहायचं-काम करायचं, आणि तीन वर्षांनंतर १९१ या व्हिसातून पर्मनंटसाठी अर्ज करता येतो. रिजनल म्हणजे जंगल नव्हे. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून जवळजवळ सगळं त्यात येतं, पर्थ आणि ॲडलेड सकट. मेडिकेअर मिळते, बायको त्या भागात कोणतीही नोकरी करू शकते. फक्त वेळ लागतो, आणि मधल्या काळात नियम बदलू शकतात.

अठरा लाख की पॉइंट्स

वायरमनचा कल लेटरकडे होता, कारण त्यात "पक्कं" होतं. पॉइंट्समध्ये पक्कं काहीच नाही. तीन-चार रविवार यावर घरात वाद झाले. शेवटी वहिनींनी एक साधी गोष्ट केली, कन्सल्टंटला विचारलं की पैसे कोणत्या खात्यात भरायचे आणि पावतीवर काय लिहिणार. तो म्हणाला अर्धे रोख, पावती "स्टुडंट काउन्सेलिंग"ची. जीएसटीच्या ऑफिसात बसणाऱ्या बाईला यापुढे काही सांगायची गरज नव्हती.

ऑस्ट्रेलियासाठी त्यांनी फाईल कोणालाच दिली नाही. एका रजिस्टर्ड मायग्रेशन एजंटकडून ऑनलाइन तासाभराचा सल्ला विकत घेतला, बाकी सगळं स्वतः. ऑस्ट्रेलियात एजंटला सरकारी नोंदणी नंबर असतो आणि तो त्यांच्या रजिस्टरवर कोणालाही तपासता येतो. भारतात बसलेल्या कन्सल्टंटवर तो कायदा चालत नाही, त्यामुळे नंबर मागितल्यावर जो विषय बदलतो त्याच्याकडून उठून यावं, एवढंच.

कागद

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि मी पण इथेच जास्त लिहिणार आहे.

ट्रेडच्या लोकांचं असेसमेंट, म्हणजे कौशल्याची तपासणी, ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया या सरकारी संस्थेच्या प्रोग्रॅममधून होतं. आधी कागद तपासतात, मग टेक्निकल इंटरव्ह्यू आणि प्रॅक्टिकल. पास झालेल्या इलेक्ट्रिशियनला सर्टिफिकेट नाही, एक "रेकॉर्ड" मिळतो, ऑफशोर टेक्निकल स्किल्स रेकॉर्ड. त्याचा अर्थ: हातात कौशल्य आहे, पण ऑस्ट्रेलियाचे नियम अजून शिकायचेत. तो रेकॉर्ड व्हिसाला चालतो आणि पुढे तात्पुरत्या लायसन्सलाही लागतो.

कागदांत पहिली अडचण रोख पगाराची. कॉन्ट्रॅक्टरकडची पाच वर्षं, जिथे त्याने खरं इलेक्ट्रिशियनचं काम केलं, घराच्या मीटरपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत, त्या पाच वर्षांचा एक कागद नाही. ना स्लिप, ना पीएफ. कॉन्ट्रॅक्टर शेठकडे गेला तर शेठने चहा पाजला, जुन्या गप्पा मारल्या आणि लेटरचं नाव काढल्यावर म्हणाला उद्या पीएफवाले माझ्याकडे येतील. त्याचंही चुकीचं नव्हतं.

मग पॅनेल फॅक्टरी. तिथे स्लिप होती, पण स्लिपवर नऊ हजार आणि हातात वरचे सहा हजार रोख. फॉर्ममध्ये पगार किती लिहायचा? वायरमन म्हणे पंधरा, खरं तेच. पण बँकेत नऊच दिसतात, पीएफच्या नोंदीत पण तेच. इथे आम्ही ठरवलं की जे कागदाने सिद्ध होतं तेवढंच लिहायचं आणि ईपीएफओची सर्व्हिस हिस्ट्री, पासबुक, बँक स्टेटमेंट, तिन्ही एकमेकांशी जुळतील असं लावायचं. अधिकाऱ्याला आपला पगार कमी की जास्त यात रस नसतो, कागद एकमेकांशी भांडतायत का ते तो बघतो.

तिसरी अडचण गमतीची. असेसमेंटला कामाचे फोटो आणि व्हिडिओ लागतात, स्वतः काम करताना. केमिकल प्लांटमध्ये मोबाईल गेटवरच जमा होतो, आगीच्या धोक्यामुळे आत फोन नेता येत नाही. सगळ्यात चांगलं काम जिथे करतो तिथलाच पुरावा नाही! शेवटी मेंटेनन्स मॅनेजर साहेबांनी स्टाफ कॉलनीतल्या रीवायरिंगच्या कामावर त्याला लावलं आणि तिथे फोटो काढायची लेखी परवानगी दिली, शिवाय कंपनीच्या लेटरहेडवर कामांची सविस्तर यादी दिली, मोटर स्टार्टर, केबल टर्मिनेशन, डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, अर्थिंगचं टेस्टिंग, असं एकेक. "ही इज हार्डवर्किंग अँड सिन्सियर" छापाच्या पत्राला तिकडे काही किंमत नाही.

खोटं लेटर

कॉन्ट्रॅक्टरकडची पाच वर्षं गेल्याने काय झालं ते आकड्यात बघा. पॉइंट्समध्ये अनुभव मोजताना गेली दहा वर्षं बघतात, आणि असेसमेंटने ज्या तारखेपासून तुम्हाला स्किल्ड मानलं त्याच्या पुढचीच वर्षं धरतात. ती पाच वर्षं धरली असती तर अख्खी दहा वर्षं मोजली गेली असती, आठच्या वर म्हणजे १५ गुण. नाही धरली म्हणून फॅक्टरीतली सुरुवातीची वर्षं "स्किल्ड होण्यात" खर्च झाली आणि पाच ते सातमध्ये बसला, १० गुण. पाच गुणांचा फटका.

एका ओळखीच्याने उपाय सुचवला: दुसऱ्या एका फर्मचं लेटर आणि जुन्या तारखेच्या स्लिपा बनवून देतो, वीस हजारात. इथे वायरमन खरंच डळमळला, कारण काम तर केलंच होतं, खोटं फक्त नाव होतं. पण ऑस्ट्रेलियाच्या नियमात खोटा कागद सापडला तर अर्ज नाकारतात आणि वर तीन वर्षं बहुतेक व्हिसे बंद, ओळखीचाच खोटेपणा असेल तर दहा वर्षं. आणि बंदी एकट्यावर नाही, अर्जातल्या कुटुंबावर पण येऊ शकते. पस्तिशीतल्या माणसाला तीन वर्षं म्हणजे वयाचे गुण पण हातचे जायची भीती, ३९ पर्यंत २५ गुण मिळतात, चाळिशीला १५, पंचेचाळीसनंतर अर्जच नाही.

पाच गुण दुसरीकडून काढायचे ठरले. हिशोब असा होता: वय २५, आयटीआय मान्य झालं तर १०, अनुभव १०, वहिनींनी इंग्लिशची परीक्षा सहा बँडने पास केली तर जोडीदाराचे ५, आणि ४९१ साठी राज्याचे १५. झाले ६५, म्हणजे जेमतेम दारात. वायरमनचं इंग्लिश आयईएलटीएसला सहा-साडेसहा बँड, त्याचे गुण शून्य. सात बँडच्या पातळीला १० मिळतात. त्याने पीटीई ही इंग्लिशची दुसरी परीक्षा धरली, तेव्हाच्या नियमाने प्रत्येक भागात ६५ लागायचे. पहाटेच्या शिफ्टला जाताना कानात पॉडकास्ट, रात्री मुलीबरोबर तिच्या पुस्तकातले धडे मोठ्याने वाचणं. मुलगी त्याचे उच्चार सुधारायची आणि तो चिडायचा. दोनदा राहिली, मग निघाली. ७५ झाले. अनुभवाच्या खोट्या पाचाऐवजी इंग्लिशचे खरे दहा, आणि हे इंग्लिश पुढे साइटवर रोज उपयोगी पडलं.

वहिनी पहिल्याच फटक्यात पास झाल्या. इथे एक जाता जाता: जोडीदाराकडे किमान इंग्लिशचा पुरावा नसेल तर व्हिसाच्या वेळी जवळजवळ ४,८९० डॉलर जादा भरावे लागतात. किती तरी लोक हे शेवटी कळल्यावर कपाळाला हात लावतात.

प्रॅक्टिकल

पंधरा वर्षं काम केलेला माणूस प्रॅक्टिकलला घाबरत नव्हता, आणि नेमका तिथेच अडकला. सप्लाय बंद केला, खिशातून लाइन टेस्टर काढला, वायरला लावला, दिवा लागला नाही, काम सुरू. आपल्याकडे सगळे असंच करतात. परीक्षकाने थांबवलं. तिकडची पद्धत म्हणजे आधी आयसोलेट करा, कुलूप लावा, टॅग लावा, मग मीटर आधी चालू लाइनवर तपासा की मीटर ठीक आहे, मग बंद सर्किटवर तपासा, मग परत चालू लाइनवर. नियॉनच्या टेस्टरला ते टेस्टिंग मानतच नाहीत. तो भाग परत द्यावा लागला.

बाकी तांत्रिक फरक त्याला वाटले त्यापेक्षा कमी निघाले. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ दोन्हीकडे. थ्री फेजला आपल्याकडे लाल-पिवळा-निळा, तिकडे जुन्या रीतीने लाल-पांढरा-निळा. न्यूट्रल आणि अर्थ मेन बोर्डवर जोडायची त्यांची पद्धत, आणि घरातल्या बहुतेक सर्किटना करंटच्या गळतीवर ट्रिप होणारी स्विच, हे वायरिंगच्या त्यांच्या स्टँडर्डमधून शिकायचं.

सगळे एकदम की आधी एकटा

राज्याचं आमंत्रण वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं आलं. फी त्या वर्षी मुख्य अर्जदाराची ४,६४०, जोडीदाराची २,३२०, मुलांची १,१६० प्रत्येकी, एकूण ९,२८० डॉलर, आपले पाच लाखांच्या आसपास. शिवाय मेडिकल, पोलिसांचं क्लिअरन्स सर्टिफिकेट (पीसीसी), भाषांतरं. पाटल्या परत कपाटात गेल्या होत्या, पीएफमधून थोडे आणि घरच्या बचतीतून बाकीचे. २०२४ च्या शेवटी ग्रँट, म्हणजे व्हिसाची मंजुरी, आली.

आता घरात दोन पक्ष. वायरमन म्हणे सगळे एकदम जाऊ, काकूंचं म्हणणं पण तेच, "बायको-मुलांना घेऊन जा, माझी काळजी करू नकोस." वहिनी एकट्याच विरोधात. त्यांचा मुद्दा हिशोबाचा होता: तिकडे उतरल्यावर लायसन्स नाही, म्हणजे पहिले काही महिने पगार मदतनीसाचा, भाडं आठवड्याचं मोजायचं, चार आठवड्यांचं भाडं डिपॉझिट, आणि मुलीचं वर्ष एप्रिलमध्ये संपतंय. ग्रँट लेटरवर पहिल्या प्रवेशाची शेवटची तारीख असते, सगळ्यांनी त्याआधी एकदा पोचावं लागतं, ती तारीख लांब होती. म्हणून तो फेब्रुवारी २०२५ ला एकटा गेला आणि बाकीचे जुलैमध्ये, तिकडच्या तिसऱ्या टर्मच्या सुरुवातीला. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हा.

काकूंचं काय, यावर मात्र चांगला पर्याय नव्हताच. स्किल्ड व्हिसात आई-वडिलांना २०१६ पासून जोडता येत नाही. पैसे भरून मिळणारा पेरेंट व्हिसा तेव्हा एका माणसामागे ४८ हजार डॉलरच्या आसपास, आणि रांग मोठी. लेकीकडे नाशिकला कायमचं जायला काकू तयार नाहीत. शेवटी नात्यातला एक मुलगा एमएस युनिव्हर्सिटीत शिकायला आला होता, तो वरच्या खोलीत राहायला आला, भाडं नाही, रात्री घरात असायचं एवढीच अट. शेजारी आम्ही आहोतच. पण हे व्यवस्था म्हणून ठीक, उत्तर म्हणून नाही.

पर्थमध्ये: पगार की लायसन्स

उतरल्यावर बांधकामाच्या साइटसाठी लागणारं व्हाइट कार्ड केलं, देखरेखीखाली काम करायच्या तात्पुरत्या लायसन्ससाठी अर्ज टाकला. तोपर्यंत एका सोलर कंपनीत पॅनेल छपरावर चढवायचं काम. कायद्याने किमान वेतनच तेव्हा तासाला २४.१० डॉलर, त्यामुळे एकट्याचं भागत होतं. तात्पुरतं लायसन्स आलं, पण कॉन्ट्रॅक्टर घेईनात, कारण अशा माणसावर सतत एक पूर्ण लायसन्सवाला लक्ष ठेवायला लागतो.

आणि मग स्विचबोर्ड बनवणाऱ्या एका वर्कशॉपने त्याचा मकरपुऱ्याचा अनुभव बघून लगेच घेतला. पगार चांगला, छत डोक्यावर, मालक खूश. वहिनी मुलांना घेऊन आल्या तेव्हा सगळं जागेवर बसल्यासारखं वाटत होतं. पण पूर्ण लायसन्ससाठी बारा महिने देखरेखीखाली केलेलं काम आणि ऑस्ट्रेलियन नियमांचं गॅप ट्रेनिंग लागतं, आणि ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेने स्पष्ट सांगितलं की टेबलावर बोर्ड बांधणं म्हणजे इन्स्टॉलेशनचं काम नव्हे, घरात-साइटवर ओढलेल्या वायरिंगच्या नोंदी पाहिजेत. म्हणजे वर्कशॉपमध्ये दहा वर्षं काढली तरी लायसन्स तिथेच.

पुन्हा तेच दोन रस्ते. चांगल्या पगारावर थांबायचं, का कमी पैशात एखाद्या छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे परत शिकाऊ व्हायचं, चाळिशीच्या उंबरठ्यावर, बावीस वर्षांच्या पोराच्या हाताखाली. वायरमनने वर्कशॉप सोडलं नाही लगेच. घरभाडं, मुलीच्या शाळेचे कपडे, मुलाचं किंडरगार्टन, वहिनींना नोकरी लागेपर्यंत थांबला. वहिनींनी टॅली बाजूला ठेवून तिकडचं झीरो (Xero) नावाचं अकाउंट्सचं सॉफ्टवेअर शिकलं, जीएसटी त्यांना नवीन नव्हता, उलट तिकडे दर एकच, दहा टक्के, म्हणून सोपाच वाटला, आणि एका बुककीपरकडे अर्धवेळ लागल्या. त्यानंतर त्याने उडी मारली, निवासी वायरिंग करणाऱ्या तीन माणसांच्या फर्ममध्ये.

आता परिस्थिती

हे लिहिताना पूर्ण लायसन्स अजून हातात नाही. नोंदवहीत रोजची कामं लिहिली जातायत, सुपरवायझरची सही घेतली जातेय, गॅप ट्रेनिंगचे भाग संध्याकाळी चालू आहेत. वर्कशॉपमधले महिने मोजले गेले नाहीत, तेवढा काळ पुढे ढकलला गेला.

मुलीला पहिली टर्म जड गेली, इंग्लिश येत होतं पण त्यांचं बोलणं कळत नव्हतं. मुलगा महिन्याभरात तिथलाच झाला, त्याची मराठी टिकवायची कशी हा आता रोजचा विषय, काकू व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून शुभंकरोती म्हणून घेतात आणि तो मध्येच पळून जातो.

वेगळं काय करता आलं असतं

वायरमनला विचारलं तर तो म्हणतो की पहिल्या दिवसापासून कमी पगाराचं साइटचं काम धरायला पाहिजे होतं, वर्कशॉपचा मोह टाळून. मला ते पूर्ण पटत नाही. वहिनींची नोकरी लागायच्या आधी साइटवर गेला असता तर पाच लाख खर्चून पोचलेलं घर महिन्याच्या शेवटी कर्ज काढत बसलं असतं. माझ्या मते चूक आधीची होती: जायच्या आधी बडोद्यातूनच पर्थच्या ट्रेनिंग संस्थेला एक ईमेल करून विचारता आलं असतं की कोणतं काम मोजता आणि कोणतं नाही. व्हिसाच्या कागदात एवढे गुंतले की लायसन्सचा कागद कोणी उघडलाच नाही.

वहिनींचं म्हणणं वेगळंच. त्या म्हणतात की बुककीपिंगचं शिक्षण त्यांनी फेब्रुवारी ते जुलैमध्ये, बडोद्यात असताना, ऑनलाइन उरकायला पाहिजे होतं, म्हणजे उतरल्यावर त्या आधी कमावत्या झाल्या असत्या आणि तो दोन महिने आधी साइटवर गेला असता. हे मला सगळ्यात बरोबर वाटतं. ट्रेडवाल्याच्या घरात पहिलं वर्ष बायकोच्या पगारावर चालणार हे आधीच धरून आखणी केली तर लायसन्सचा रस्ता छोटा होतो, पण आपल्याकडे सगळी तयारी "त्याची" चालते आणि ती पाठोपाठ जाणारी धरली जाते.

कॉन्ट्रॅक्टर शेठचं लेटर पण २०१२ ला नोकरी सोडतानाच घेता आलं असतं, तेव्हा शेठने हसत दिलं असतं. आयटीआयमधून आज बाहेर पडणाऱ्या पोरांनी प्रत्येक मालकाकडून निघताना कामाच्या यादीचं लेटर घ्यावं, पगार थोडा कमी चालेल पण बँकेत घ्यावा, आणि कामाचे फोटो तारखेसकट ठेवावेत, परदेशी जायचं असो वा नसो.

१९१ चा अर्ज तीन वर्षांच्या टॅक्सच्या कागदांवर होतो, म्हणजे २०२७ च्या शेवटाआधी तरी नाही. काकूंच्या व्हिजिटर व्हिसाची फाईल तेवढी आता माझ्या टेबलावर आली आहे, मेडिकलला शुगरचे जुने रिपोर्ट लागतील म्हणून ते शोधणं चालू आहे.